पळायचे, पण कोणत्या रस्त्याने?

साखर वाढली किंवा रक्तदाब वाढला की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि उठता उठता सांगतात, "रोज चाला, जमले तर थोडे पळा." कुठे पळायचे ते मात्र कोणी सांगत नाही. वस्तीतल्या दोन घरांच्या ओळींमधली बोळ जेमतेम चार फुटांची आणि बाहेर पडले की गाड्यांचा रस्ता. मैदान असलेच तर त्यावर मुलांचे क्रिकेट चालू. मग गोळ्या घेतल्या जातात आणि पळण्याचा सल्ला तसाच राहून जातो. म्हणून या वेळी एकलहरे व आसपासच्या गावांतील वाचकांसाठी फक्त रस्त्यांबद्दल लिहीत आहोत. इतर गावच्या वाचकांनी आपला रस्ता याच नजरेने पाहावा.

एकलहऱ्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि दक्षिणेला दारणा. पुढे निफाड तालुक्यात दारणा सांगवीजवळ या दोन्ही नद्या एकत्र येतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यात सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढे ही गावे आहेत. जमीन बहुतेक सपाट आणि काळी, चढ-उतार कमी. नव्याने पळू लागणाऱ्याच्या गुडघ्यांना असा प्रदेश चांगला. एका बाबतीत मात्र हा पट्टा इतर गावांपेक्षा वेगळा आहे. इथे औष्णिक वीज केंद्र आहे. 1970 मध्ये त्याचा पहिला संच सुरू झाला. सुरुवातीचे जुने संच आता बंद झाले असून 210 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा आला म्हणजे राख आली. रस्ता निवडताना पहिला विचार या राखेचा करावा लागतो.

केंद्राकडे जाणारा मोठा डांबरी रस्ता पळायला सर्वांत सोपा वाटतो. तो सरळ आहे आणि घरापासून जवळही आहे. तरीही आमच्या मते तोच सर्वांत वाईट. राख भरून नेणारे बल्कर, ट्रक, कामावर जाणाऱ्यांच्या मोटारसायकली सगळे तिथूनच जातात. चाकांखालची धूळ बरोबर नाकाच्या उंचीवर उडते. पळताना माणूस बसलेल्या वेळेपेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, तीही बहुधा तोंडाने, म्हणजे नाकातल्या केसांची गाळणी चुकवून. तोंडाला रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. दुसरी वाटच नसेल तर उजव्या कडेने पळावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कपडे फिकट रंगाचे घालावेत आणि कानात हेडफोन नको.

वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. राखेचा तलाव कोरडा पडला आणि वारा सुटला की राख उडते. उन्हाळ्यात हे जास्त होते. घराच्या पत्र्यावर आणि दोरीवरच्या कपड्यांवर राख दिसली की त्या दिवशी वाऱ्याच्या उलट्या बाजूचा रस्ता धरावा किंवा घरातच जिना चढ-उतार करावी. हिवाळ्यात वेगळाच प्रकार असतो. निफाड-नाशिकच्या थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते. चुलीचा, शेकोटीचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यात अडकतो. पहाटे पाचची हवा शुद्ध असते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण डिसेंबर-जानेवारीत इथे ते खरे नाही. ऊन पडून धुके विरल्यावरच निघावे. दम्याच्या माणसाने तर हे पाळलेच पाहिजे.

मग चांगला रस्ता कुठला? शेतांमधून जाणारा मातीचा शिवरस्ता. माती पायाला थोडी सैल लागते, सिमेंटसारखा दणका गुडघ्यात जात नाही आणि गाड्याही कमी असतात. अडचण एकच येते. "आमच्या शेतातून कशाला पळता?" असे कोणी विचारले तर? इंग्लंडमध्ये खेड्यांभोवती शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा 1949 च्या कायद्यानुसार अधिकृत नकाशावर नोंदल्या गेल्या. अशी वाट कोणाच्या शेतातून जात असली तरी शेतकऱ्याला ती बंद करता येत नाही, आणि तिथले लोक रोज सकाळी त्यावरून चालतात, पळतात. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, पण गावचा नकाशा आहे. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. तलाठी कार्यालयात हा नकाशा पाहायला मिळतो. जी वाट नकाशावर आहे ती सर्वांची आहे, तिथून जायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन शेतांमधला खासगी बांध मात्र विचारूनच तुडवावा. पीक उभे असताना तर तिकडे जाऊच नये. चौघांनी मिळून एकदा नकाशा पाहून ठेवला की रोजची कुरबूर राहत नाही. अंतरही एकदाच मोटारसायकलच्या मीटरवर मोजून घ्यावे आणि अर्ध्या व एका किलोमीटरला एखादे झाड किंवा विजेचा खांब खुणेला ठरवावा.

शिवरस्त्याला लागून द्राक्षबाग असेल तर छाटणीनंतरच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फवारणी चालते. ब्लोअरचा आवाज आला की तिथून मागे फिरावे. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोभर चिकटते, मांडीपर्यंत गवत वाढते आणि त्यात साप असतात. त्या चार महिन्यांत शिवरस्ता सोडून गावातल्या कमी वर्दळीच्या डांबरी गल्ल्याच बऱ्या.

नदीकाठ दिसायला छान आहे. एकलहऱ्याच्या बंधाऱ्यावर पाणी अडलेले असते आणि हिवाळ्यात पक्षीही दिसतात. (याच गोदावरीवर पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे, 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेले.) पण पाणवेली साचल्या की डास होतात, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की पाणी झपाट्याने वाढते. विसर्गाची बातमी असेल त्या दिवशी काठावर जाऊ नये.

आता बिबट्याचे. दारणाकाठच्या उसात बिबट्या आहे, ही अफवा नाही. माणसांवर हल्ले झालेले आहेत. घाबरून घरात बसायचे कारण नाही, पण अंधारात उसाच्या कडेने एकट्याने पळणे हा वेडेपणा आहे. सूर्य उगवल्यावर निघावे आणि मावळण्याआधी परतावे. तिघे-चौघे बोलत, आवाज करत जावे. लहान मुलांना पुढे किंवा मागे एकटे सोडू नये. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसू नये. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळत सुटू नये. उभे राहून, हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरावे. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. कुत्रा चावला तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद-चुना लावत बसू नये.

महिलांचा प्रश्न जास्त अवघड आहे. सकाळी नळाचे पाणी, डबे, मुलांची शाळा, आणि संध्याकाळी बाई पळायला निघाली की गल्लीत कुजबुज. कुजबुजीवर औषध एकच, पाच-सहा जणींनी एकत्र निघणे. विहारात जमून तिथूनच सुरुवात करावी. साडीवर भरभर चालता येते. पळायचे असेल तर सलवार-कमीज किंवा ट्रॅक पॅन्ट बरी. घरातल्या पुरुषांनी तेवढा अर्धा तास चहा आणि डबा सांभाळला तर त्यांचे काही बिघडत नाही.

पळायचे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे भरभर चालावे, किंवा 75 ते 150 मिनिटे पळण्यासारखा जोराचा व्यायाम करावा. पहिल्या दिवशी एक मिनिट हळू पळावे, दोन मिनिटे चालावे आणि हे सात-आठ वेळा करावे. पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. नाशिक जिल्ह्याच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. पण ते पाय लहानपणापासून कमावलेले होते. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याने बूट घालावेत. मधुमेह असलेल्याने तर अनवाणी पळूच नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर खडा रुतलेलाही कळत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खिशात गुळाचा खडा ठेवावा.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. सुरुवात करण्याआधी ती करून घ्यावी. पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर तिथेच बसावे आणि 108 ला फोन लावावा. आणखी एक गोष्ट विदर्भातून इकडे आलेल्या कुटुंबांसाठी. सिकलसेलचा आजार आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. ज्याला हा आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये, चालावे. जो फक्त वाहक आहे त्याला पळायला हरकत नाही, पण उन्हात नको, एकदम जोरात नको आणि आधी-नंतर पाणी भरपूर हवे. घरात कोणाला हा आजार असेल किंवा कधी तपासणीच झाली नसेल, तर मुलाला पोलीस भरतीच्या धावण्याच्या सरावाला पाठवण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.