जॉब निवू द्यावा

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील महाळुंगे येथे, मोठ्या मोटार कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेल्या एका लहानशा शेडमध्ये, आमचे दिवंगत काका निवृत्तीनंतरही आपल्या भाच्याच्या लेथवर उभे राहत असत; आणि त्यांना केवळ पगार घरी आणणारा कुटुंबवत्सल गृहस्थ म्हणून ओळखणाऱ्या आम्हां आप्तांना हा मनुष्य अर्धाच ठाऊक होता, असे त्यांच्या शेजारी उभे राहून पाहिल्यापासून मला वाटत आले आहे.

बोटातील अंगठी काढून ती डब्याच्या वरच्या खणात ठेवायची, पोलादाची सळई तीन जबड्यांच्या चकमध्ये बांधून हाताने एकदा फिरवून पाहायची, प्रथम जाड कट घ्यायचा आणि अखेरच्या बारीक कटापुरती जाडी राखून ठेवायची. अंगठी सोडली तर हा क्रम कोणीही टर्नर सांगेल. काकांचे कौशल्य त्या दोन कटांच्या मधल्या अवकाशात होते. भाचा मायक्रोमीटर पुढे करी, तेव्हा ते म्हणत, “थांब रे, जॉब निवू दे.” ५० मिलिमीटर व्यासाचे पोलाद २० अंशांनी तापले, की सुमारे ०.०१ मिलिमीटर फुगते, आणि साध्या मायक्रोमीटरवरचे सर्वांत लहान घरही तेवढेच असते. म्हणून उष्ण असताना बरोबर भरलेले माप निवल्यावर कमी पडते, बेअरिंग सैल बसते, आणि एकदा उतरलेला धातू पुन्हा चढत नाही. सालीचा रंग निळसर होऊ लागला, की काका कुलंटची धार सरकवीत. साल काढावयास मात्र आकडाच वापरीत, हात कधीही नाही.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची जी रांग वाढली, तिच्यातल्या एका कारखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपत, तेव्हा काकू कुकरची शिटी होऊ देत नसत आणि मुले अभ्यास ओसरीवर करीत. पित्याचा सहवास त्या मुलांना मिळाला तो बहुधा दुसऱ्या आठवड्यांत, संध्याकाळी, गृहपाठाच्या वहीवर वाकलेल्या एका थकल्या चेहऱ्याच्या रूपाने.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी उपदानाच्या आकड्याची रुजुवात स्वतः केली: अखेरचे मासिक वेतन २६ ने भागून १५ ने गुणायचे, मग नोकरीच्या वर्षांनी. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याचे हे सूत्र न्याय्यच आहे. परंतु त्यात वर्षे मोजली जातात, हातातली विद्या कोठल्याही दप्तरात चढत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

महाळुंग्यात आता संगणकचलित यंत्रे आली आहेत. पण त्यांनाही मापाची दुरुस्ती निवलेल्या जॉबवरूनच द्यावी लागते. तेव्हा शेडमालकांनी, आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोरांसाठी, अशा निवृत्त टर्नरांना आठवड्यातून एक दिवस तरी रीतसर मानधन देऊन बोलवावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.