मुक्त गोव्याचे बंदिवान

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; परंतु गोव्यासाठी लढलेले श्री. मोहन रानडे मुक्त झाले नाहीत! १९५५ साली पकडलेल्या या सांगलीच्या सुपुत्राला २६ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालने लिस्बननजीकच्या तुरुंगात डांबले होते. रानडे यांनी शस्त्र तरी उचलले होते. कवी तेलो मास्कारेन्हास यांच्या हाती केवळ लेखणी होती. तेही पोर्तुगालच्याच कोठडीत!

दिल्ली-लिस्बन राजनैतिक संबंध १९५५ सालीच तुटले होते, ही अडचण खरी. तथापि १९६२ साली ३,००० हून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी आपण परत पाठविले. त्यांना ओलीस धरावयास हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाटाघाटींचे दार उघडले होते, तेव्हाच आपली माणसे मागून घ्यावयास नको होती काय?

श्री. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी हा प्रश्न धगधगत ठेवला. अखेर १९६८ साली मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्यापाशी शब्द टाकला आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मास्कारेन्हास यांना १९७० उजाडावे लागले.

जे सरकार आपले ऐकत नाही, ते दुसऱ्या कोणाचे तरी ऐकतेच. तो 'कोणी' हुडकून काढणे, हेच मुत्सद्द्यांचे कर्तव्य! मतासाठी परक्या तुरुंगात खितपत पडलेल्यांच्या बाबतीत निषेधाचा खलिता धाडून हात झटकणाऱ्यांनी रानड्यांची ती सात वर्षे विसरू नयेत.