उंदीर अचानक कोसळतो तेव्हा

ईईजी म्हटलं की हॉस्पिटलमधला वरखाली जाणाऱ्या रेघांचा कागद आठवतो. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा अशी टिपली. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७५ मध्ये, लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या मेंदूत हे प्रवाह दाखवले होते. या विद्येची सुरुवातच मुळी प्राण्यांपासून झाली.

आज हे काम बरंचसं उंदरांवर होतं. प्रयोगशाळेतल्या उंदराचं वजन २० ते ३० ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची तीन-चार नाणी. त्याला भूल देऊन कवटीत अगदी बारीक स्क्रू बसवतात, तेच इलेक्ट्रोड. मानेच्या स्नायूतही तारा घालतात. मग दातांचे डॉक्टर वापरतात तसल्या सिमेंटने सगळं पक्कं करतात. उंदीर सावरला की पिंजऱ्यात तो फिरतो, खातो, झोपतो आणि यंत्र रेघा काढत राहतं.

त्या रेघा वाचायच्या कशा? उंदीर जागा असेल तर मेंदूच्या लाटा लहान आणि घाईच्या असतात, मानेचा स्नायूही चालू असतो. गाढ झोपेत लाटा मोठ्या आणि संथ होतात. तिसरी अवस्था म्हणजे 'रेम' झोप. माणसाला ठळक स्वप्नं पडतात ती हीच. तिच्यात मेंदू जवळजवळ जागा असल्यासारखा दिसतो, पण मान पूर्ण ढिली पडते. म्हणूनच दोन्ही ठिकाणच्या तारा लागतात.

याचं महत्त्व एका गोष्टीवरून कळतं. १९९८ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे मासाशी यानागिसावा यांच्या गटाने मेंदूतलं एक रसायन शोधलं. ते भुकेशी संबंधित वाटलं, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ओरेक्सिन' हे नाव दिलं. मग हे रसायन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पाहिलं, तर चांगले पळणारे उंदीर मधेच कोसळत होते आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा पळत होते. बघणाऱ्याला वाटावं, ही फिटच!

पण ईईजीत फिटच्या खुणा नव्हत्या. उंदीर जागेपणातून थेट रेम झोपेसारख्या अवस्थेत जात होते, मधली गाढ झोप गाळून. हा आजार होता नार्कोलेप्सी. हे १९९९ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये, हाच आजार असलेल्या कुत्र्यांत ओरेक्सिनचा संदेश घेणारं जनुक बिघडलेलं सापडलं. २००० मध्ये कळलं, की अशा माणसांच्या मेंदूतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी बहुतेक नाहीशा झालेल्या असतात.

नार्कोलेप्सीचा माणूस बसल्याजागी झोपतो, कधी हसता हसता गुडघ्यांतून लुळा पडतो. लोक त्याला आळशी म्हणतात, नाटकी म्हणतात. तो आळस नव्हे, एका रसायनाची उणीव आहे, हे ठामपणे सांगता आलं त्यात उंदरांच्या रेघांचा मोठा वाटा आहे.

याची किंमत उंदीर मोजतो, हेही सांगायला हवं. प्रयोगानंतर बहुतेकांना मारलंच जातं. म्हणून भूल, वेदनाशामक औषध आणि नीतिसमितीची परवानगी हे नुसते कागदी सोपस्कार नव्हेत. ज्याच्याकडून आपण इतकं शिकतो, त्याचं किमान एवढं देणं तरी आपण लागतोच.