कळसूत्री रामायणाचा सूत्रधार

आमच्या भांडुपात तळकोकणातली कुटुंबे पुष्कळ. त्यामुळे दशावतार काय, कळसूत्री बाहुल्या काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी दोऱ्यांवर लाकडी राम-रावण कसे नाचवतात, याच्या गोष्टी घरोघर ऐकू येतात. परंतु हाडामांसाच्या माणसांच्या बाहुल्या करून त्यांच्याकडून अवघे रामायण नाचवून घेणारा एक कलावंत येथून फार लांब नव्हे, पलीकडे अंधेरीस होऊन गेला, असे मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्या कलावंताचे नाव शांती बर्धन.

‘बॅले’ म्हटले की पायाच्या बोटांवर तोल सावरीत गिरकी घेणारी युरोपीय नर्तकी आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने रुळला. नृत्य आणि संगीत यांच्या बळावर रंगमंचावर सांगितलेली सलग कथा, ती बॅले. ही वाट उदयशंकर यांनी मोठी केली. हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला त्यांनी जे कलाकेंद्र उघडले, तेथे बर्धन होते. जन्म १९१६ चा, आज बांगलादेशात असलेल्या कुमिल्ल्याकडचा. मणिपुरी नृत्य आणि त्रिपुरेच्या डोंगरी लोकांचे नाच त्यांच्या अंगात मुरलेले होते.

१९४४ मध्ये अल्मोड्याचे केंद्र बंद पडले. बंगालच्या दुष्काळाने त्या वेळी सारा देश हादरला होता. ‘इप्टा’ या लोकनाट्य संघाने अंधेरीत आपले मध्यवर्ती कलापथक उभे केले आणि त्याच्या नृत्यांची धुरा बर्धनांकडे आली. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले तेथेच आकाराला आले. दुसऱ्याला संगीत होते तरुण रविशंकरांचे. पुढे १९४७ मध्ये, पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून, इंडियन नॅशनल थिएटरसाठी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा बॅलेही त्यांनी बसवला. तिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाने याहून अधिक काय करायचे?

आणि नेमक्या अशा वेळी क्षयाने त्यांना गाठले. या रोगावरची खरी औषधे तेव्हा कुठे येऊ लागली होती. बरगड्या काढून रोगी फुप्फुस दाबून बसवायचे, असा एक भयंकर उपाय डॉक्टर करीत. बर्धन त्यातून जिवंत बाहेर आले खरे, पण बरगड्या गमावून आणि एका फुप्फुसाच्या आधारावर. गवयाचा गळा जावा, चित्रकाराचे हात जावेत, तसेच हे! नर्तकाचे सारे भांडवल म्हणजे त्याचा श्वास.

दुसरा कोणी असता तर खिडकीशी खुर्ची टाकून जुन्या आठवणी सांगत बसला असता. बर्धनांनी १९५२ मध्ये ‘लिटल बॅले ट्रूप’ ही नवी मंडळी काढली आणि १९५३ मध्ये ‘रामायण’ रंगमंचावर आणले. कल्पना अशी की, बाहुल्यांचा खेळ करणारे गावच्या जत्रेत येतात आणि रामकथा दाखवतात. त्यांच्या बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक! चौकोनी मुखवटे, कोपरात काटकोनात दुमडलेले हात, ताठ पाय आणि दोरीला हिसका बसावा तशी झटक्याने वळणारी मान.

हा बॅले मी पाहिला तो त्यांच्या पश्चात, पुष्कळ वर्षांनी. पहिली काही मिनिटे मौज वाटली. मुले तर हसतच होती. मग केव्हा तरी लक्षात आले की, ती लाकडी सीता चेहऱ्याची एक रेषाही न हलवता रडते आहे आणि आपलेही डोळे भरले आहेत. ज्याला मोकळेपणी अंग वळवणेही कठीण झाले होते, त्याने नर्तकांच्याही अंगाला बांध घातला आणि त्या बांधातूनच करुणा वाहती केली, असे मला तेव्हा वाटले, आजही वाटते.

त्यांचे शेवटचे काम ‘पंचतंत्र’. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण या मित्रांची ती कथा. एक जाळ्यात सापडला की बाकीचे त्याला सोडवायला धावतात. ती रंगमंचावर उभी राहिलेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. सप्टेंबर १९५४ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते गेले.

सूत्रधार गेला की बाहुल्या पेटीत जातात, हा जगाचा रिवाज. येथे तसे झाले नाही. पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांच्यासारखे सहकारी यांनी मंडळी मोडू दिली नाही. ‘पंचतंत्र’ लोकांपुढे आले, ‘रामायण’ परदेशांतही गाजले. १९६४ मध्ये मंडळींनी मुंबई सोडून ग्वाल्हेर गाठले आणि पुढे भोपाळला घर केले. गुलबाईंना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. पतीच्या माघारी छप्पन्न वर्षे त्यांनी हा संसार चालवला.

चित्रकाराचे चित्र राहते, लेखकाचे पुस्तक राहते. नर्तकाचे नृत्य मात्र त्याच्या देहाबरोबर जाते, असे आपण म्हणतो. शांती बर्धनांचा देह तर आधीच दगा देऊन बसला होता. म्हणून त्यांनी आपले नृत्य दुसऱ्यांच्या अंगांत ठेवले, आणि त्या जिवाभावाच्या माणसांनी ते ठेव म्हणून सांभाळले.