जॉन चाचाचं आडनाव

मागे होस्टेलवर आमची फिल्मी क्विझ रंगली होती. सांभा कोण? मॅक मोहन! एका सेकंदात उत्तर. मग प्रश्न आला, ‘गोलमाल’मध्ये (१९७९) अमोल पालेकरला इंटरव्ह्यूआधी धडे देणारे ते टक्कलवाले मामा कोण? मी म्हटलं, "डेव्हिड." "पुढे?" पुढचं मलाही येईना. "गोव्याचे ख्रिश्चन असतील," कोणीतरी म्हणालं. मला पटलं. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या वर्गात तीन डेव्हिड होते, तिघेही ख्रिश्चन!

सुट्टीत पालीला घरी गेल्यावर आजोबांना हे सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "अगं, ते चेऊलकर. आपल्या जिल्ह्यातलं आडनाव!"

डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं अलिबाग तालुक्यातलं चौल. डेव्हिड बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावावरून आडनावं घेतली... पेणकर, रोहेकर, चेऊलकर. अलिबागला त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले.

आडनाव कळलं, मग मी त्यांचे पिक्चर पुन्हा पाहिले आणि एक गंमत लक्षात आली. ‘गोलमाल’मध्ये रामप्रसाद खोटं बोलतो, पण भवानीशंकरला काय आवडतं, कशाची चीड आहे, ही सगळी माहिती त्याला देतात डेव्हिडच. तसा हा सीन निव्वळ माहितीचा, दुसऱ्या कोणी कंटाळवाणा केला असता. डेव्हिड तो खोडकर चेहऱ्याने करतात, म्हणून आपणही त्या कटात सामील होतो. ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) खोट्या ड्रायव्हरला जिजाजींकडे पाठवणारे हरिपद भैयाही तेच. ‘बातों बातों में’मध्ये (१९७९) जोडी जुळवणारे अंकलसुद्धा तेच. लबाडी हीरोची, पण जर्नलवर सही या भल्या माणसाची! ती सही नसती तर हीरो आपल्याला चक्क फसवा वाटला असता.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम ‘बूट पॉलिश’मधलं (१९५४). दोन अनाथ मुलांना भीक मागू नका, कष्ट करा, असं सांगणारा जॉन चाचा स्वतः मात्र चोरून दारू विकतो! अशा माणसाने उपदेश केला तर हसू यायला हवं. येत नाही. डेव्हिड त्या मुलांशी बरोबरीच्या माणसासारखे बोलतात आणि फ्रेम त्यांनाच देऊन टाकतात. या भूमिकेसाठी १९५५ मध्ये त्यांना फिल्मफेअर मिळालं. सहाय्यक कलाकारांसाठी बक्षीस ठेवलं त्याचं ते पहिलंच वर्ष. त्याच वर्षी ‘बादबान’साठी उषा किरणना मिळालं, म्हणजे पहिली दोन्ही बक्षिसं मराठी बोलणाऱ्यांकडे!

१९६९ मध्ये पद्मश्रीही मिळाली. तरी टायटल्समध्ये नाव एवढंच, ‘डेव्हिड’. चेऊलकर पडद्यावर आलंच नाही. मला याचं जरा जास्तच लागलं. "कॉन्व्हेंटची ना? मग मराठी कुठून येणार?" हे मीही पहिल्या सेमिस्टरपासून ऐकतेय. नावावरून माणूस कुठला ते ठरवायचं आणि मोकळं व्हायचं... त्या रात्री मीही तेच केलं होतं.

पुढच्या क्विझचे प्रश्न मी काढणार आहे. पहिला कोणता ते तुम्हाला कळलंच असेल. प्लीज, पेपर फोडू नका!