सापाला ऊब किती, आच किती?

मे महिन्यात आमच्या शेंदूरजनाघाटात दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. संत्र्याच्या कलमांना पाणी देणारेही सकाळीच काम उरकून सावली गाठतात. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आमच्या कूलरखाली धामण निघाली. तिथं पाणी ठिबकतं, फरशी गार असते. तिला बिचारीला तेवढंच हवं होतं. मी गावातल्या सर्पमित्र पोराला बोलावलं. त्यानं दोन मिनिटांत धामण प्लॅस्टिकच्या बरणीत घेतली, भोकं पाडलेलं झाकण लावलं, बरणी ओट्यावर सावलीत ठेवली आणि म्हणाला, "चाचा, निघतो मी."

मी म्हटलं, "एवढ्या उन्हातून आलास, चहा घेतल्याशिवाय कसा जाशील?"

चहा झाला, गप्पा झाल्या. तेवढ्यात ओट्यावरची सावली सरकली. अर्ध्या तासानं बाहेर येऊन पाहतो तर धामण बरणीत उलटी पडलेली, तोंड उघडं. तो पोरगा पुन्हा पुन्हा झाकण दाखवत होता, "भोकं तर होती ना चाचा!" भोकं होती, हवाही होती. धामणीला सरकायला जागा नव्हती.

श्रोतेहो, सापाच्या बाबतीत सगळं या सरकण्यातच आहे. आपण त्याला थंड रक्ताचा म्हणतो, पण त्याचं रक्त काही नेहमी थंड नसतं. भोवतालची जागा जशी, तसं त्याचं अंग. आपण अन्न जाळून अंगातली ऊब ३७ अंशांच्या आसपास राखतो आणि जास्त झाली की घामावाटे टाकतो. सापाला घाम येत नाही. थंडी वाजली की उन्हात यायचं, तापलं की बिळात शिरायचं, एवढा एकच उपाय त्याच्याकडे आहे. अंड्यांवर बसलेली अजगराची मादी याला अपवाद. ती अंगाचे स्नायू सारखे आकसून, जणू कुडकुडून, स्वतः ऊब तयार करते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहात १८४१ साली हे मोजलं गेलं होतं आणि १९६६ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी ते पक्कं केलं. सापाला आई म्हणून कोणी नावाजत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे सगळं मी वाचायला लागलो तो माझ्या भाच्यामुळे. तो पुण्याला असतो आणि त्यानं बॉल पायथन पाळला आहे. हा आफ्रिकेतला बिनविषारी साप. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर, मांडूळ घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, ती त्यानं केली आहे. माझ्या बहिणीला हा प्रकार अजून पटलेला नाही. पण पोराला पुण्याच्या थंडीची काळजी. एक दिवस त्याचा फोन आला, "मामू, पेटीच्या तळाला पूर्ण हीट मॅट टाकतो, म्हणजे सगळीकडे सारखी ऊब."

मला बरणी आठवली. सगळीकडे सारखी ऊब म्हणजे सरकायला जागाच नाही. मॅट एका टोकाला, फार तर तळाच्या तिसऱ्या हिश्श्याला. या सापाला गरम टोक ३१-३२ अंश आणि दुसरं टोक २५-२६ अंश लागतं. दोन्ही टोकांना लपायला आडोसा हवा, नाहीतर भित्रा साप आडोशासाठी नको त्या टोकाला पडून राहतो. ऊब कमी पडली तर खाल्लेला उंदीर पचत नाही, पोटात कुजतो, साप तो उलटून टाकतो. जास्त झाली तर भाजतो, आणि गंमत अशी की भाजत असताना पुष्कळदा जागचा हलत नाही. निसर्गात ऊन वरून येतं, त्यापासून वाचायला जमिनीत शिरायचं हे त्याला ठाऊक. पेटीत आच खालूनच आली, तर बिचारा शिरणार कुठं? पेटीत उघडा बल्ब असेल तर त्याला वेटोळं घालून पोटाची कातडी जाळून घेणारे सापही असतात. बल्बला जाळी हवीच.

मॅटला थर्मोस्टॅट हवा. तो नसेल तर मॅट चाळीस अंशांच्याही वर जाऊ शकते. पण थर्मोस्टॅटवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. त्याची वायरची नळी, जिला ऊब कळते, ती गरम जागेवर पक्की चिकटवलेली हवी. सापानं ती ढकलून पाण्याच्या भांड्यात पाडली, तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारच आहे आणि तो मॅट तापवत राहतो. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर ठेवून रोज पाहायचं. मॅटवर माती-भुश्शाचा जाड थरही नको, खाली आच कोंडते.

आणि मोठी गोष्ट ही की थर्मोस्टॅट वीज तोडतो, खोली गार करत नाही. हिवाळ्यात वीज गेली तर पेटीवर घोंगडी टाकून रात्र निभते. थंडीनं साप आजारी पडायला दिवस लागतात. उन्हानं मरायला अर्धा तास पुरतो, हे मी पाहिलंय. काचेची पेटी खिडकीच्या उन्हात ठेवली तर मॅट बंद असूनही तिची भट्टी होते. भाचा मे महिन्यात सापासकट आमच्याकडे येतो म्हणाला, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. इथं ४५ अंशांत कूलर चालू असतो तोवर ठीक. वीज गेली की माणसंच ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसतात. पुण्यातच त्यानं पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवली आहे. गार टोकाला मातीचं मडकं पालथं घातलं आहे, ते दुपारी वरून ओलं करतो.

आमच्या गावच्या पोरानं ती बरणी टाकून दिली. आता तो सुती पिशवी आणतो, तोंड बांधून सावलीत धरतो, वनविभागाला फोन करून कळवतो आणि ऊन उतरल्यावर नाल्याकाठी साप सोडतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कूलरखाली पुन्हा धामण निघाली. तो आला, पिशवी बांधली, तसाच निघाला. चहाला संध्याकाळी आला.