कंबर दुखली म्हणून पडून राहायचं?

मांडीवर सूप, पुढ्यात कापलेली तेंदूपानं आणि हजार विड्यांचं उद्दिष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी वळणाऱ्या बायकांचे दिवस असे पाठीत वाकूनच जातात. कंबर दुखायला लागली की सल्ला ठरलेला: चार दिवस पडून राहा, नाहीतर पट्टा बांध.

पडून राहण्याचा फायदा किती, हे अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी १९८६ मध्येच तपासलं. काही रुग्णांना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्के कमी झाले. विड्यांच्या मोजणीवर मजुरी घेणाऱ्या बाईसाठी ही मोठीच गोष्ट आहे. पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जुनाट कंबरदुखीवरचा नेहमीचा उपचार म्हणून तो वापरू नये.

‘दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न यंत्रमागावर उभा राहणाराही विचारतो. पण राबणं म्हणजे तासन्‌तास एकाच ठेवणीत शरीर अडकवणं. मणक्यालगत मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. दुखणं थांबलं तरी तो आपोआप पूर्ववत होत नाही, नेमका व्यायाम केला तर होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांना १९९६ मध्ये आढळलं.

नेमका व्यायाम म्हणजे सिट-अप्स नव्हेत. कॅनडातले मणकातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजणीनुसार एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो. दुखऱ्या कमरेला तो कशासाठी द्यायचा? त्यांनी निवडलेल्या तीन व्यायामांपैकी ‘बर्ड-डॉग’ नवख्यांना सहज जमतो, आणि त्याला साधन काहीच लागत नाही.

घरातली सोलापुरी चादर घडी करून गुडघ्यांखाली घ्यावी. रांगताना होतो तसं ओणवं व्हावं: हात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. पोट किंचित घट्ट करून एक पाय मागे सरळ न्यावा. तोल सांभाळता आला की त्याच्या विरुद्ध बाजूचा हातही पुढे. पाय जितका उंच तितका फायदा, हाही गैरसमजच: पाय कमरेच्या रेषेच्या वर गेला की कंबर आत वाकते आणि व्यायामाचा हेतूच हुकतो. कमरेवर पाण्याचा पेला ठेवला तर तो हलू नये, इतकी स्थिरता हवी. आठ-दहा सेकंद थांबावं, श्वास रोखू नये, मग बाजू बदलावी. सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. इथे ताकदीपेक्षा चिवटपणा कमवायचा असतो, म्हणून घाम न आल्याची खंत नको.

मात्र पायात बधिरपणा वाढत असेल, पायाची ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर चादर गुंडाळून त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठावं.